पलीकडचा माणूस

१

लोक म्हणतात, घर पाहावं बांधून. मी म्हणतो, घर पाहावं पाडून. बांधताना घर सगळं लपवतं, पाडताना पोटातलं सगळं ओकतं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंती पाडतोय. भिंतीला कान असतात म्हणे. मला आजवर एकही सापडला नाही. गंजलेले पाइप सापडले, उंदरांची हाडं सापडली, एकदा कुणाची तरी अख्खी कवळी सापडली. कान नाही.

तोडकामाला दोन माणसं लागतात. घणवाला अलीकडे, दुसरा पलीकडे. पलीकडच्यानं बघायचं की खोलीत कुणी नाही, वीज बंद आहे, पाणी बंद आहे. घणवाला दांड्यानं भिंतीवर तीनदा भरभर वाजवून विचारतो. पलीकडून एक ठोका आला तर थांब. दोन आले तर मार. मग घणवाल्यानं मोठ्यानं “ऐकलं!” म्हणायचं आणि घण घालायचा. तोंडानं का विचारत नाही, असं घरमालक नेहमी विचारतात. अहो, शेजारी ड्रिल चालू असतं, नाकातोंडावर फडकं असतं. शब्द हवेत विरतो. ठोका विटेतून बरोबर येतो.

माझा पलीकडचा माणूस म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे ‘दमानं’च म्हणायचे, कारण दिवसातून पन्नास वेळा तो मला म्हणायचा, “दमानं, दाजी, दमानं.” माझा राग नाकावर, त्याचं दमानं जिभेवर. बावीस वर्षं आमचं झकास जमलं. तो छिन्नीच्या बुडानं वाजवायचा. टक. मग एक श्वास. मग टक.

तीन वर्षांपूर्वी एका जुन्या दुकानाच्या मागच्या भिंतीखाली तो गेला. घण माझा होता. दवाखान्यातून घरी आल्यावर बायकोनं मला एकच प्रश्न विचारला, “किती आले होते?”

“दोन,” मी म्हटलं.

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मीही त्यानंतर घण हातात धरला नाही. माणसं लावतो आणि लांब उभा राहून ओरडतो.

२

आमचं घर तळमजल्यावर. पुढं हॉल, मागं स्वयंपाकघर, एक झोपायची खोली, आणि हॉलला लागून छोटी खोली. हॉलची आणि तिची भिंत एकच, पण तिचं दार मागच्या पॅसेजमध्ये उघडतं. दमानं त्या खोलीत राहायचा. अजून त्याची कॉट तिथंच आहे, खुंटीवर त्याचा कामाचा शर्ट आहे, कोपऱ्यात त्याचा घण आहे आणि खिडकीत त्याची छिन्नी. बायको रोज झाडून घेते आणि दार ओढून घेते.

यंदा प्रश्न आला तो लेकीमुळे. लेक दोन वर्षांच्या पोराला घेऊन कायमची आमच्याकडे येणार म्हणाली. का, ते विचारण्यात अर्थ नव्हता. तिच्या आवाजात कळलं.

“छोटी खोली रिकामीच आहे की,” मी म्हटलं.

“त्या खोलीत लेकराला झोपवणार नाही,” बायको म्हणाली.

“का?”

“वाजतं तिथं.”

“काय वाजतं?”

“काहीतरी. दुपारचं. मी पोळ्या लाटत असते तेव्हा.” ती कणीक मळत होती, तशीच मळत राहिली. “अहो, हे घर विकू या. मोठं घेऊ. मी एक बघितलंय, चौथा मजला, लिफ्ट आहे, उजेड आहे.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे घर मी विकत घेतलं तेव्हा इथं फरशीसुद्धा नव्हती. एकेक फरशी मी न् दमाननं गुडघ्यावर बसून बसवली. उंदीर वाजतो म्हणून घर सोडायचं? पाइप वाजतो म्हणून?

“मग खोलीच ठेवत नाही,” मी म्हटलं. “भिंत पाडतो, सगळा मोठा हॉल करतो. खोली गेली की तुझं वाजणं गेलं.”

“तुमचं सगळं असंच. दुखलं की पाडा.”

“मग काय, दुखलं की पळा?”

कणकेच्या गोळ्यावर तिनं मूठ हाणली. लेक यायला बारा दिवस होते.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवर खडूनं खुणा करायला घेतल्या. अर्ध्या विटेची भिंत, वर तुळईचा भार नाही. माझा माणूस दोन तासांत भुईसपाट करेल. खुणा झाल्यावर हातात खडूचा डबा होता, त्याच डब्यानं मी तीनदा भिंतीवर वाजवलं. मुद्दाम नाही हो. पंचवीस वर्षांचा हात आहे, भिंत दिसली की विचारतो.

पलीकडून दोन आले.

“ऐकलं,” मी म्हटलं आणि हसलो. बायको झाडायला गेली असणार, तिनंही भावाची सवय उचलली म्हणायची. मी हसतहसत पॅसेजमध्ये गेलो, तर ती बाहेरच्या दारातून भाजीची पिशवी घेऊन आत येत होती. चपला पायात, कपाळावर घाम.

“काय झालं? दात का काढताय?”

“काही नाही.”

खोलीचं दार ओढलेलं होतं. उघडून बघितलं. कॉट, शर्ट, घण, छिन्नी. खिडकी बंद. भिंतीवर हात ठेवला, गार होती. पाइप या भिंतीत नाही, मला ठाऊक आहे, मीच काढला होता. मग वाटलं, शेजारच्यांचं काहीतरी. पण शेजारच्यांची भिंत त्या टोकाला आहे. मग म्हटलं, आवाज फिरून आला. पण मी तीन वाजवले होते. आवाज फिरून येताना एक विसरून येतो का?

त्या दिवसापासून बायको अंघोळीला गेली की मी वाजवायचो. भिंतीच्या खाली वाजवलं, वर वाजवलं, खुर्चीवर चढून पार छताखाली वाजवलं. जिथं विचारलं तिथंच, त्याच विटेपलीकडून उत्तर आलं. दरवेळी दोन. एकदासुद्धा एक नाही.

आणि आवाज छिन्नीचा नव्हता. मऊ होता. उघड्या तळव्यानं मारावं तसा. थप. थप.

४

बायकोनं माझं ऐकलं नाहीच. चौथ्या दिवशी तिनं घरविक्रीचा एजंट बोलावला. हा गडी कमरेला पाऊण किलोचा किल्ल्यांचा जुडगा लावून फिरायचा, म्हणून त्याला सगळे ‘किल्ल्या’ म्हणायचे. चालला की बैल आल्यासारखा आवाज. आल्या आल्या त्यानं नळ सोडून बघितले, खिडक्या उघडझाप केल्या, आणि आमच्याच घराची आम्हालाच स्तुती करायला लागला.

“भिंती बाकी दणकट आहेत बरं का, वहिनी!” असं म्हणून त्यानं किल्ल्यांचा जुडगा हॉलच्या त्याच भिंतीवर आपटला. खण्, खण्, खण्.

थप. थप.

“अरे वा, आत पाहुणे आहेत वाटतं?” किल्ल्या हसला. “दोनदा वाजवलं म्हणजे या, आत या!”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

“दोनदा म्हणजे मार,” ती किल्ल्याला म्हणाली. अगदी शांतपणे. “यांच्या कामात दोनदा म्हणजे मार.”

किल्ल्याला काही कळलं नाही. तो पॅसेजमधून गेला आणि मोठ्या थाटात छोट्या खोलीचं दार उघडून आत डोकावला. बराच वेळ डोकावलेलाच राहिला. परत आला तेव्हा किल्ल्यांचा जुडगा हातात घट्ट धरला होता, आवाज होऊ नये म्हणून. “कुणीच नाहीये की,” एवढंच म्हणाला. चहा टाकला होता, तो न पिताच गेला. पुन्हा फोनही केला नाही, आमचाही उचलला नाही.

तोवर मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय. आपल्याच डोक्यात असलं तर माणूस कसंही निभावतो. दुसऱ्यालाही ऐकू आलं की पायाखालची फरशी हलते.

५

खरं सांगतो. बायकोला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो.

दमानं गेला त्या दिवशी दुकानमालक माझ्या मानगुटीवर बसला होता. संध्याकाळपर्यंत भिंत रिकामी करा, माल यायचाय, तुम्ही लोक नुसते चहा पिता. माझं डोकं तापलं होतं. मी दांड्यानं विचारलं. टक. छिन्नी. एक. मी थांबलो, घण खांद्यावर. त्याचा तो श्वास मोजला. दुसरी टक आली नाही. दुकानमालक मागून म्हणाला, “काय, झोपला का तुमचा माणूस?” आणि तेवढ्यात आली. पण टक नाही. थप.

मला कळलं होतं. ही छिन्नी नाही, हे माझ्या हाताला कळलं होतं. पण मोजले तर दोन होते, नाही का? “ऐकलं!” म्हणून मी घातला. पहिला, दुसरा. तिसऱ्याला घण आरपार गेला आणि वरची अख्खी भिंत पलीकडे बसली. घण परत ओढला तेव्हा त्याच्या तोंडाला केस होते.

विटा आम्ही हातांनी उपसल्या. तो गुडघ्यावर बसलेला होता. पाण्याचा पाइप बंद करताना डावा हात पाइपमागच्या फटीत मनगटापर्यंत अडकला होता. म्हणून त्यानं थांब म्हटलं होतं. उजव्या हातात छिन्नी, मूठ इतकी आवळलेली की दवाखान्यात तीन माणसांनी सोडवली.

एक हात अडकलेला, एका हातात छिन्नी. मग थप कुणी वाजवलं?

तीन वर्षं मी हे कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर पहिली टकही सांगावी लागली असती.

६

आठव्या दिवशी माझा संयम सुटला. दुपारी जेवताना, भिंतीला कुणी हात लावलेला नसताना, विचारलेलं नसताना, पलीकडून आपणहून सुरू झालं. थप थप. जरा थांबून, थप थप. मी ताट भिरकावलं, भिंतीवर जाऊन मुठी हाणल्या. कातडी सोलून निघेपर्यंत हाणल्या. “पाडतो! पाडतो तुला! तुझ्या विटा मोजून फेकतो!” असं काय काय ओरडत होतो. खडूच्या खुणांवर माझं रक्त लागलं.

बायको उठली नाही. तिनं भिंतीवर ओघळणारी आमटी बघितली, माझे हात बघितले.

“पाडा,” ती म्हणाली. “पण माणूस लावायचा नाही. तुम्ही घण धरायचा. आणि पलीकडे मी उभी राहणार.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“बघायचंय मला, तुम्ही ऐकता कसं.”

मी नाही म्हणायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, तसं झालं होतं. माझंच तोंड माझं ऐकत नव्हतं. मी म्हटलं, “उद्या सकाळी. खिडकीपाशी उभी राहा. भिंतीजवळ फक्त वाजवायला ये आणि लगेच मागं हो.”

“मला नका शिकवू,” ती म्हणाली. “माझ्या भावाचंच काम आहे ते.”

७

सकाळी नऊला तिनं पदर खोचला, तोंडाला फडकं बांधलं आणि खोलीत गेली. घरभर धूळ नको म्हणून दाराला आतून कडी लावली. कडीचा आवाज मी ऐकला. माझा घण माळ्यावरून काढला होता. तीन वर्षांनी हातात घेतला तर दांडा हाताला ओळखीचा लागला, त्याचीच भीती वाटली.

दांड्यानं विचारलं. तीनदा.

टक.

छिन्नी. तिनं त्याची छिन्नी घेतली होती. मी घण खांद्यावर घेऊन श्वास मोजला. एक आलाय, दुसरा येऊ दे. नाही आला तर थांबायचं. या वेळी थांबायचं, मेलास तरी थांबायचं, असं मी स्वतःला बजावत होतो.

थप.

आणि माझे हात गेले. मी गेलो नाही, हात गेले. तोंडानं “ऐकलं!” म्हटलं आणि पहिला घण बसला. दुसरा. प्लास्टर ढासळलं. तिसऱ्याला विटा आत गेल्या, आणि पलीकडून तिची किंकाळी आली.

घण टाकून मी भोकाला तोंड लावलं. धुळीत काही दिसेना. मग ती दिसली. खिडकीपाशी होती, भिंतीपासून लांब. विटेचा तुकडा लागून कपाळ फुटलं होतं, रक्त भुवईवरून फडक्यात उतरत होतं. जिवंत होती. मला रडूच आलं.

“एकच वाजवला होता मी,” ती म्हणाली. “मुद्दाम एक वाजवला.”

“दोन आले गं.”

“एक. मी एकच वाजवून मागं झाले. तुम्ही थांबला नाहीत.”

“दोन आले! शपथेवर सांगतो, दुसरा...”

भोकाच्या कडेला, तिच्या बाजूनं, भिंतीवर एक तळवा टेकलेला होता. बोटं पसरलेली, धुळीनं राखाडी, माझ्या नाकापासून वीतभर. मनगटापलीकडे काय होतं ते भोकातून दिसत नव्हतं. तिचे दोन्ही हात मला समोर दिसत होते. एक कपाळावर, एकात छिन्नी. तळवा भिंतीवरून सावकाश सरकला आणि कडेआड गेला.

“बाहेर ये,” मी म्हटलं. “आधी बाहेर ये. कडी काढ.”

ती हलली नाही. तिनं भिंतीकडे बघितलंच नाही, माझ्याकडेच बघत राहिली. “त्या दिवशी किती आले होते?”

“अगं बाहेर ये, मग...”

“किती?”

मी पॅसेजमध्ये धावलो, दाराला खांदा दिला, लाथा घातल्या. जुनं सागवानी दार, मीच बसवलेलं. तसूभर हललं नाही. परत हॉलमध्ये आलो. आता ती भोकातून दिसत नव्हती. मी भिंतीला कपाळ टेकलं. दमलो होतो. तीन वर्षांचा दमलो होतो.

“एक,” मी म्हटलं. “छिन्नीचा एकच. त्यानं मला थांब म्हटलं होतं. दुसरा आला तो त्याचा नव्हता, मला कळलं होतं, आणि तरी मी घातला. घाई होती म्हणून घातला. तुझ्याशी खोटं बोललो. माझं चुकलं गं. ऐकतेयस ना? घर विकू. उद्याच निघू. लिफ्टचं घर घेऊ, तू म्हणशील ते घेऊ. फक्त कडी काढ.”

पलीकडे छिन्नी फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड, कोपऱ्यातून, फरशीवरून ओढत आणल्याचा. तो आवाज मी ओळखतो. दमाननं आयुष्यभर आपला घण असाच ओढत आणला, मी शिव्या घालायचो, फरशी खराब होते म्हणून.

घण माझ्या कपाळाच्या बरोबर पलीकडे येऊन थांबला.

मग दांड्यानं भिंतीवर वाजलं. तीनदा, भरभर. ती विचारत होती.

आता पलीकडचा माणूस मी होतो. बाजूला व्हायला हवं, हे कळत होतं, पण पाय उचलेना. सोललेली मूठ उचलून मी वाजवला. एक. जीव खाऊन, नीट ऐकू जाईल असा, एकच. थांब.

मग माझ्या कानाशी, माझ्याच बाजूनं, हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणी नसताना, भिंतीवर मऊ वाजलं.

थप.

“ऐकलं,” बायको म्हणाली.